फिसिडेन्स प्रजातीच्या वर्गीकरणाचा इतिहास आणि ठाणे-कल्याण परिसर

मराठीत ‘शेवाळ’ हा शब्द फार व्यापक अर्थाने योजला जातो. तळ्याच्या पाण्यावर धरणारी हिरवी साय, विहिरीच्या पायऱ्यांवरील निसरडा थर, पावसाळ्यात भिंतींवर उगवणारी मखमल, जुन्या आंब्याच्या सालीवरील हिरवे पुंजके, या सर्वांस बोलीभाषा एकच नाव देते. शास्त्रीय परिभाषेने त्यात विभागणी केली आहे. पाण्यावरील साय ही शैवलांत जमा होते. आणि ज्यांस लहानसे खोड व पाने आहेत, पण खरी मुळे, फुले व बिया नाहीत, अशा स्थलवासी वनस्पतींस ‘हरिता’ म्हणतात. हरिता, यकृतका आणि शृंगका मिळून शेवाळींचा विभाग होतो. लोकव्यवहाराला या भेदाचे प्रयोजन पडत नाही, कारण हरितांचा औषधासाठी वा अन्नासाठी उपयोग कोकणात कोणी केलेला दिसत नाही. उपयोग नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून नोंद नाही, अशी ही साखळी आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली यांच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात येऊरच्या ओढ्यांकाठी, पारसिकच्या डोंगरउतारावर, मलंगगडाच्या पायवाटांलगत, जेथे जेथे मातीचा उभा काप सावलीत असतो तेथे तेथे काही आठवड्यांत हिरवा लेप चढतो. तो नुसत्या डोळ्यांस एकजिनसी भासतो. भिंगाखाली पाहिले असता त्यात अनेक प्रजातींची सरमिसळ आढळते, व त्यांपैकी एक प्रजाती नवख्या विद्यार्थ्यासही तत्काळ ओळखू येते. तिची पाने खोडाच्या दोन बाजूंस दोनच ओळींत, एका पातळीत बसविलेली असतात. त्यामुळे संपूर्ण रोप एखाद्या लहान पिसासारखे किंवा नेच्याच्या पर्णकासारखे चपटे दिसते. उंची बहुधा काही मिलीमीटरच. हीच फिसिडेन्स प्रजाती होय. जगभर तिच्या सुमारे ४४० जाती मानल्या जातात आणि हरितांतील मोठ्या प्रजातींत तिची गणना होते.

ओळखण्यास इतकी सोपी आणि समजण्यास इतकी अवघड अशी दुसरी प्रजाती हरितांत क्वचितच सापडेल. तिच्या पानाकडे पाहून तिला नाव देता येते. परंतु ते पान म्हणजे नेमके काय, या प्रश्नाने वनस्पतिशास्त्रज्ञांस दीर्घकाळ गुंतवून ठेवले. पश्चिम भारतातील तिच्या अभ्यासाची कथा आणखी वेगळी आहे. तिचे नमुने कोठून गोळा व्हावेत हे पुष्कळ अंशी रेल्वेच्या मार्गाने व थंड हवेच्या ठिकाणांनी ठरविले, आणि त्या मार्गावरचे ठाणे-कल्याण हे संग्राहकांच्या दृष्टीने केवळ वाटेतले स्थानक राहिले.

प्रथम पानाची रचना पाहणे अवश्य आहे. सामान्य हरितेचे पान पातळ असून बहुतेक ठिकाणी एका पेशीच्या जाडीचे असते. मधून एक मध्यशीर जाते व तिच्या दोहो अंगांस पाते पसरते. फिसिडेन्सचे पान याहून निराळे आहे. त्याच्या खालच्या भागात, खोडाकडील बाजूस, दोन पाती उघड्या पुस्तकाच्या दोन पृष्ठांसारखी असतात व ती खोडास, तसेच वरच्या पानाच्या तळास, म्यानासारखी कवटाळतात. या भागास आवरक पाते म्हणतात. त्याच्या वर, टोकाकडे, एकेरी उभे पाते असते. आणि मध्यशिरेच्या पाठीमागे, खोडापासून दूर असलेल्या बाजूस, तळापासून टोकापर्यंत तिसरे पाते धावते. ते पृष्ठपाते होय. कोकणातील विद्यार्थ्यास वेखंडाचे पान परिचित असते. त्याचा तळ दुसऱ्या पानास कवेत घेतो आणि वरचा भाग खोडाच्या दिशेने उभ्या तलवारीसारखा राहतो. बाह्यतः फिसिडेन्सच्या पानाची ठेवण तशीच आहे. दोहोंत आप्तसंबंध मात्र मुळीच नाही.

कार्ल लिनीयस याने १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटेरम’ मध्ये या वनस्पतींची जी व्यवस्था लावली तीत पानाच्या या वैशिष्ट्यास स्थान नव्हते. हरितांचे त्याचे वर्गीकरण प्रामुख्याने बीजुककोश, म्हणजे ज्यात बीजुके तयार होतात ती लहानशी बोंडी, खोडाच्या टोकास येते की बाजूस, यावर उभे होते. बाजूस बोंडी येणाऱ्यांचे नाव हिप्नम, टोकास येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे ब्रायम. आज फिसिडेन्समध्ये असलेल्या तीन प्रसिद्ध यूरोपीय जाती त्याने हिप्नममध्ये घातल्या: ब्रायॉइडीज, टॅक्सिफोलियम आणि ॲडिअँथॉइडीज. नावेच बोलकी आहेत. पहिल्याचा अर्थ ब्रायमसारखी, दुसऱ्याचा यू वृक्षाच्या पानांची, तिसऱ्याचा ॲडिअँटम नेच्यासारखी. हा नेचा म्हणजे मराठीतील हंसराजाचा सगोत्र. गंमत अशी की या तीन जातींत बोंडीचे स्थान एक नाही. ब्रायॉइडीजमध्ये ती टोकास येते, टॅक्सिफोलियममध्ये खोडाच्या तळाशी, ॲडिअँथॉइडीजमध्ये मध्यावर बाजूस. ज्या लक्षणावर सारी मांडणी उभारावयाची तेच लक्षण येथे एका प्रजातीच्या पोटात बदलते. पुढे अग्रफली व पार्श्वफली हा हरितांचा मोठा विभाग रूढ झाला, तेव्हाही फिसिडेन्सने ही अडचण कायम ठेवली.

यातून वाट काढली ती योहान हेडविग या जर्मन वैद्याने. केम्निट्झ येथे वैद्यकी करीत असता व पुढे लाइप्झिग येथे त्याने सूक्ष्मदर्शकातून हरितांचे जे निरीक्षण केले, त्यातून त्यांची नर व मादी जननेंद्रिये प्रथमच निःसंदिग्धपणे प्रकट झाली. तत्पूर्वी बोंडीस परागकोश समजणारेही पुष्कळ होते. हेडविगचे दुसरे कार्य वर्गीकरणाचे. बोंडीवरील झाकण गळून पडल्यावर तिच्या तोंडाशी दातांची एक वा दोन वर्तुळे दिसतात. त्यास परितुंड म्हणतात. हे दात हवेतील ओलाव्यानुसार आत-बाहेर वळून बीजुके बाहेर टाकण्यास साहाय्य करतात. हेडविगने परितुंडाची संख्या, रचना व दुभंग यांवर प्रजाती ठरविल्या. त्यातून १७८२ मध्ये फिसिडेन्स हे नाव आले. ‘दुभंगलेला दात’ एवढाच त्याचा अर्थ. बोंडीच्या तोंडाशी सोळा तांबूस दात असतात आणि प्रत्येक दात सुमारे अर्ध्यापर्यंत चिरलेला असतो, हे लक्षण नावात गोवले गेले. म्हणजे ज्या पानामुळे ही प्रजाती आज ओळखली जाते त्या पानाचा नावाशी काहीही संबंध नाही.

हेडविग १७९९ मध्ये वारला. त्याचा ‘स्पीशीज मस्कोरम’ हा ग्रंथ शिष्य श्वेग्रिकेन याने १८०१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि ब्रुसेल्स येथील १९१० च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने हरितांच्या नामकरणाचा आरंभ याच ग्रंथापासून धरावा असे ठरविले. फुलझाडांस जसे लिनीयसचे १७५३ साल, तसे स्फॅग्नमचा अपवाद वगळता हरितांस १८०१. त्यामुळे फिसिडेन्सच्या जुन्या जातींपुढे लिनीयसचे नव्हे, हेडविगचे नाव लागते. विद्यार्थ्यांचा येथे नेहमी घोटाळा होतो.

परितुंडावर भिस्त ठेवण्याचा एक परिणाम लवकरच दिसला. दुभंगलेले सोळा दात हे डायक्रेनम या प्रजातीचेही लक्षण आहे. तेव्हा दात हाच निकष असेल तर दोन प्रजाती कशासाठी, असा प्रश्न काही अभ्यासकांनी केला व फिसिडेन्सच्या जाती डायक्रेनममध्ये हलविल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी ग्रंथांत डायक्रेनम ब्रायॉइडीज, डायक्रेनम टॅक्सिफोलियम ही नावे सर्रास आढळतात. मंगो पार्क या प्रवाशाची गोष्ट याच काळातील. आफ्रिकेच्या अंतर्भागात १७९६ साली लुटारूंनी त्यास नागविले, तेव्हा खचलेल्या मनःस्थितीत जमिनीवरची एक इवलीशी फळलेली हरिता त्याच्या दृष्टीस पडली, व तिच्या रचनेकडे पाहून त्यास पुढे चालण्याचा धीर आला, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहिले आहे. तिचा अंश पुढे विल्यम जॅक्सन हूकर याच्या हाती आला व त्याने ती डायक्रेनम ब्रायॉइडीज म्हणून ओळखली. आजच्या परिभाषेत ती फिसिडेन्स होय. वर्गीकरणाच्या इतिहासात या प्रसंगाचे महत्त्व एवढेच की, १८०१ नंतरही हेडविगची प्रजाती सर्वमान्य झालेली नव्हती याचा तो एक पुरावा आहे.

डायक्रेनमपासून फिसिडेन्सची फारकत पक्की झाली ती दातांमुळे नव्हे, पानामुळे. तेव्हा पानाचा अर्थ लावणे क्रमप्राप्त झाले. १८१९ साली रॉबर्ट ब्राउन याने मत मांडले की, खोडास कवटाळणारी जी आवरक पाती आहेत, तीच खरे पान. इतर हरितांच्या पानाप्रमाणे त्यास दोन अर्ध व मध्ये शीर आहे. ते फक्त मध्यशिरेवर घडी घातल्यासारखे मिटलेले आहे. पृष्ठपाते आणि टोकाकडील पाते ही मध्यशिरेपासून मागाहून निघालेली वाढ आहे. ब्राउन हा साधा संग्राहक नव्हे. पेशीकेंद्रास नाव देणारा व परागातील सूक्ष्म कणांच्या सततच्या हालचालीमुळे पदार्थविज्ञानातही ज्याचे नाव राहिले तोच हा. परंतु त्याचे हे मत लगेच स्वीकारले गेले नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे साधारणतः असे की, चपटे उभे पाते हेच मूळ पान असून आवरक भाग हा त्याच्या एका अंगास फुटलेला जोडभाग, फुलझाडांच्या उपपर्णासारखा आहे.

वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. परंतु यावर प्रजातीचे स्थान अवलंबून आहे. उभे पाते हेच मूळ पान मानले तर फिसिडेन्स ही इतर सर्व हरितांहून मुळातच भिन्न ठरते, कारण असे पान दुसरीकडे नाही. मग तिला वर्गीकरणात अगदी एकाकी बसवावे लागेल. ब्राउनचे मत मानले तर ती सामान्य हरितांपैकीच एक असून तिच्या पानाने एक जादा भाग कमावला आहे, एवढेच म्हणता येते. म्हणजे वाद पानाच्या नावाचा नसून वंशाचा होता.

अर्नेस्ट सॅमन याने १८९९ मध्ये ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’ मध्ये या प्रजातीवर विस्तृत निबंध लिहिला व सर्व मतांची छाननी करून ब्राउनचा पक्ष उचलून धरला. त्याच्या युक्तिवादाचा गाभा कोणाही विद्यार्थ्यास प्रत्यक्ष पडताळून पाहता येण्याजोगा आहे. फिसिडेन्सचे एक पूर्ण रोप घेऊन त्याची पाने तळापासून क्रमाने सोडवून काचपट्टीवर मांडावीत. सर्वांत खालची पाने अतिशय लहान असतात व त्यांत जवळजवळ सगळा भाग आवरक पात्याचाच असतो. पृष्ठपाते एकतर नसते किंवा मध्यशिरेच्या मागे अरुंद धारेसारखे असते. वर जावे तसतसे ते रुंदावत जाते. स्त्री-जननेंद्रियांभोवतीच्या पानांतही आवरक भाग मोठा व पृष्ठपाते आखूड असे रूप पुष्कळदा दिसते. पृष्ठपाते हे मूळ पान असते तर रोपाच्या पहिल्या पानांत तेच गैरहजर कसे असेल, हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे.

याला वाढीच्या अभ्यासाने दुजोरा दिला. बहुतेक हरितांच्या खोडाच्या टोकास तीन पृष्ठांची एकच अग्रपेशी असते व तिच्या तीन बाजूंनी आळीपाळीने पाने निघतात. फिसिडेन्सच्या हवेतील खोडाची अग्रपेशी दोनच पृष्ठांची असते, म्हणून पाने दोन ओळींत येतात. पण कोवळ्या, जमिनीलगतच्या वा जमिनीखालील फांदीत हीच पेशी आरंभी तीन पृष्ठांची असून मागाहून दोन पृष्ठांची होते, असे आढळून आले. चपटेपणा हा या वनस्पतीचा आदिम गुण नसून मिळविलेला गुण आहे, हे त्यातून सूचित होते. इतका सोज्ज्वळ पुरावा वर्गीकरणशास्त्रात वारंवार लाभत नाही.

पानाचा हा वाद चालू असता दुसरीकडे प्रजातीची विभागणी चालली होती. ला पिले या फ्रेंच अभ्यासकाने तिला स्किटोफिलम असे नवे नाव देऊ पाहिले. ते टिकले नाही. पाण्यात वाढणाऱ्या, लांब लोंबणाऱ्या जातींसाठी ब्रिडेलने ऑक्टोडिसेरस ही प्रजाती काढली. माँटान्यने कोनोमिट्रियम काढली. आफ्रिकेतील अत्यंत लहान रूपांसाठी डिक्सन याने १९२२ मध्ये नॅनोब्रायम स्थापली. या सगळ्या नावांचा शेवट एकच झाला. ती फिसिडेन्समध्ये परत विलीन झाली, कारण प्रत्येकीचे पान तपासले असता ते तेच निघाले. बीजुककोश, परितुंड, पेशी, निवास, सर्व काही बदलले तरी पान बदलत नाही.

प्रजातीच्या वरच्या श्रेणींत मात्र स्थिरता नव्हती. जाव्हातील बायटेनझोर्गच्या हरितांवर लिहिणाऱ्या माक्स फ्लायशर याने पानाच्या वेगळेपणास मान देऊन फिसिडेन्टेलीज हा स्वतंत्र गण मानला. ब्रोथेरस या फिनिश पंडिताच्या बृहद्ग्रंथामुळे ती पद्धत दृढ झाली, आणि कलकत्त्याच्या गांगुली यांनी पूर्व भारतातील हरितांवरील आपल्या ग्रंथाच्या १९७१ मधील दुसऱ्या भागात तीच अनुसरली. पुढे परितुंडाच्या विकासाचा सूक्ष्म अभ्यास झाला, तेव्हा फिसिडेन्टेसी कुल पुन्हा डायक्रेनमच्या गणात आणले गेले. म्हणजे डायक्रेनमशी नाते जोडणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील लेखकांची प्रजाती चुकली होती, पण त्यांची शंका साधार होती. सॅमनच्या निबंधाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे.

पोटविभागांची मांडणी २००४ मध्ये पर्सेल व ब्रुगेमान-नानेंगा यांनी नव्याने केली व चार उपप्रजाती ठेवल्या. २०१८ मध्ये जपानी अभ्यासकांनी जननद्रव्याच्या आधारे तीन उपप्रजाती सुचविल्या. या दोन्ही व्यवस्थांची तपशीलवार चर्चा येथे अनवश्यक आहे. व्यवहारात जाती ओळखताना आजही पाहावी लागतात ती लक्षणे जुनीच आहेत: पानाच्या कडेस लांबट पेशींची किनार आहे की नाही, आणि असल्यास ती सर्व पात्यांना आहे की फक्त आवरक पात्यांना, पेशी गुळगुळीत आहेत की त्यांवर उंचवटे आहेत, मध्यशीर टोकापर्यंत पोहोचते की अलीकडेच संपते, पानांच्या बगलेत पारदर्शक गाठी आहेत काय. हे सारे दहापट भिंगाने भागत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो.

भारतातील हरितांची पहिली भरघोस जंत्री म्हणजे विल्यम मिटन याचा १८५९ मधील ‘मस्काय इंडी ओरिएंटॅलिस’ हा प्रबंध. तो इंग्लंडमध्ये बसून, दुसऱ्यांनी पाठविलेल्या नमुन्यांवर लिहिला गेला, आणि त्यातील नमुन्यांचा ओघ हिमालय, आसाम, निलगिरी व सिंहल येथून आला होता. मुंबई इलाख्याचा वाटा त्यात नगण्य आहे. इलाख्यात वनस्पतींचा अभ्यास नव्हता असे नाही. डालझेल व गिब्सन यांची ‘बाँबे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाली. कुक यांचे ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात पूर्ण झाले. परंतु दोन्ही फुलझाडांचे. १८८६ चा गॅझेटियरचा वनस्पतिविषयक पंचविसावा खंड तर उपयोगानुसारच रचलेला: इमारती लाकूड, अन्न, दुष्काळातील अन्न, रंग, धागे, विषे. अशा रकान्यांत हरिता कोठे बसणार?

या पार्श्वभूमीवर एका मराठी नावाचा उल्लेख अगत्याचा आहे. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९-१९१७) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील शल्यवैद्य ठाण्यास सिव्हिल सर्जन होते. बी. डी. बसू यांच्यासह लिहिलेल्या व त्यांच्या निधनानंतर १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ मुळे ते सर्वांस माहीत आहेत. मराठी वाचकांस ते १९०९ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणूनही आठवतात. फुलझाडांपलीकडे पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक १८८६ मध्ये सुरू झाले, त्याच्या पहिल्याच खंडात ऊन पाण्यातील एका शैवलावर त्यांचा लेख आहे, आणि पुढे कवकांवरही त्यांनी लिहिले. औषधी वनस्पतींचा व्यासंगी वैद्य, ज्यांचा काहीच औषधी उपयोग नाही त्या वनस्पतींकडे वळतो, ही त्या काळात विरळ गोष्ट होती.

हरितांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते एका नव्या प्रजातीमुळे. लिओनार्ड सेज्विक हे सनदी अधिकारी मुंबई इलाख्यात असता हरिता गोळा करीत व इंग्लंडमधील ह्यू नेव्हिल डिक्सन यांच्याकडे पाठवीत. त्यांतील एक वनस्पती कोणत्याही ज्ञात प्रजातीत बसेना, तेव्हा फ्रेंच अभ्यासक कार्दो व डिक्सन यांनी ब्रायोसेज्विकिया ही प्रजाती स्थापली आणि जातीस कीर्तिकरी असे विशेषण दिले. प्रजातीत इंग्रज अधिकाऱ्याचे नाव, जातीत मराठी वैद्याचे. पुढील संशोधकांनी ही प्रजाती प्लॅटिजायरिएला हिच्यात समाविष्ट केली, त्यामुळे सेज्विक यांचे नाव मागे पडले. हेच सेज्विक १९२१ च्या खानेसुमारीत मुंबई इलाख्याचे प्रमुख होते. माणसांची मोजदाद आणि हरितांची मोजदाद एकाच हाताने व्हावी यात विसंगती नाही. दोन्हींस स्थळाची अचूक नोंद लागते.

सेज्विक यांचा संग्रह मुख्यतः महाबळेश्वर, खंडाळा या बाजूचा व उत्तर कानड्याचा. कानड्यातील संग्रहावर, ज्यात वनाधिकारी बेल यांचे साहाय्य होते, डिक्सन यांनी १९२१ मध्ये ‘जर्नल ऑफ इंडियन बॉटनी’ मध्ये लेख लिहिला. सेंट झेवियर महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतिसंग्रहामुळे अशा नमुन्यांस मुंबईतच घर मिळाले. १९३१ मध्ये ब्रूल यांनी भारतीय हरितांची गणना प्रसिद्ध केली, तेव्हा पश्चिम भारताच्या बाजूस जी नावे आली ती अशा मोजक्या व्यक्तींच्या सुट्यांवर व बदल्यांवर अवलंबून होती.

ठाणे-कल्याणचा प्रश्न येथे उपस्थित होतो. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली; पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली; १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. त्यानंतर मुंबईहून खंडाळ्यास जाणारा प्रत्येक संग्राहक ठाणे आणि कल्याण ओलांडूनच गेला. परंतु उतरला खंडाळ्यास. याची कारणे समजण्यासारखी आहेत. घाटमाथ्यावर धुके आहे, वर्षभर ओलावा टिकतो, वृक्षांवर हरितांचे जाड थर चढतात, आणि साहेब मंडळींचे विश्रामगृहही तेथेच आहे. सखल प्रदेशातील हरिता चार महिने दिसतात व नोव्हेंबरात सुकून मातीच्या रंगात मिसळून जातात. ज्या सुट्यांच्या दिवसांत प्रवास होई त्या दिवसांत त्या दिसतच नसत. तरी परिणाम असा झाला की, ‘मुंबई इलाख्यातील हरिता’ या शब्दांचा अर्थ व्यवहारात ‘थंड हवेच्या ठिकाणच्या हरिता’ असा होऊन बसला.

ही परंपरा किती खोल गेली याचे चांगले उदाहरण म्हणजे डॉ. जी. टी. दाभाडे यांचा ग्रंथ. महाराष्ट्रातील हरितांवरील हे मोलाचे पुस्तक १९९८ मध्ये ठाण्यातून प्रसिद्ध झाले. विषय मात्र खंडाळा व महाबळेश्वर येथील हरिता. याचा अर्थ ग्रंथाचे मोल कमी होते असा नव्हे. सेज्विक-डिक्सन यांच्या नोंदींशी ताडून पाहण्यास तीच स्थळे घेणे शास्त्रीय दृष्ट्या योग्यच होते, आणि इलाख्याच्या काळातील विखुरलेल्या माहितीनंतर एका ठिकाणी वर्णने मिळण्याची सोय या पुस्तकाने केली. परंतु ज्या शहरातून पुस्तक निघाले त्या शहरामागच्या टेकडीवरील हरितांसाठी विद्यार्थ्यास अजूनही घाटमाथ्यावरील वर्णनांचाच आधार घ्यावा लागतो.

घाटमाथ्याच्या वर्णनावरून सखल भागातील फिसिडेन्स ओळखण्यात एक धोका आहे, आणि तो नावांच्या इतिहासातून उघड होतो. दक्षिण व आग्नेय आशियात सर्वत्र आढळणारी एक जाती घ्यावी. तिच्या पानांस किनार नसते, सुकल्यावर पाने मुरडतात आणि बगलेतील पारदर्शक गाठी ठळक असतात. जावा बेटावरील नमुन्यांवरून डोझी व मोल्केनबूर यांनी तिला झिपेलियानस म्हटले. ग्रिफिथ याने भारतीय नमुन्यावरून सिल्व्हॅटिकस हे नाव दिले होते. गांगुली यांनी पहिलीस दुसरीचा प्रकार मानले. आता ही सर्व नावे ब्रिडेलच्या क्रिस्प्युलस या जुन्या नावाखाली येतात. भारतीय याद्यांत ही तिन्ही नावे स्वतंत्रपणे सापडतात. ज्या यादीत नुसते नाव आहे व नमुना जतन केलेला नाही, तिच्यातील ‘झिपेलियानस’ म्हणजे नेमके काय होते, हे आज कोणी सांगू शकत नाही. नमुना असेल तर पुन्हा पान सोडवून पाहता येते. पर्यायनामांचा गुंता हा वर्गीकरणाचा दोष नव्हे. नमुन्याविना केलेली नोंद हा दोष आहे.

ठाणे-कल्याण परिसराची भूमी दख्खनच्या कृष्णप्रस्तराची आहे. त्यावर तांबूस-तपकिरी मातीचा थर असतो, आणि डोंगरउतार कापून जेथे वाट, रस्ता किंवा लोहमार्ग काढला जातो तेथे या मातीचे उभे काप उघडे पडतात. फिसिडेन्सला असेच काप मानवतात. सपाट जमिनीवर गवत व पालापाचोळा तिला झाकून टाकतो; उभ्या कापावर स्पर्धा कमी, पाणी निथळणारे आणि प्रकाश तिरपा. जून-जुलैत कोवळी रोपे दिसतात, पावसाळा सरता सरता बोंड्या पिकतात, आणि दिवाळीनंतर जमिनीत उरलेल्या तंतुमय मूलकल्पांतून पुढील वर्षीचा आरंभ होतो. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला, त्याच्या दोहो तोंडांकडील खोदकामासारख्या कामांनी एके काळी असे निवास निर्माणच केले असतील.

भिंतींची गोष्ट निराळी. चुन्याच्या वा सिमेंटच्या गिलाव्यावर, गटारांच्या कडांवर, कुंपणांच्या दगडांवर येते ती बहुधा हायोफिला. तिचे पान साधे, दोन अर्धांचे, आणि सुकल्यावर कडा आत वळवून नळीसारखे मिटणारे. बगलेत दांडीच्या टोकावर सूक्ष्म कळ्या असतात व त्यांपासून बीजुकांविना नवी रोपे उगवतात. तिला परितुंड नाहीच, म्हणून हेडविगच्या पद्धतीने ती जिम्नोस्टोमम या गाठोड्यात पडली होती. ग्रीकमध्ये तिच्या नावाचा अर्थ पर्जन्यप्रिया. भिंत वाढली की हायोफिलाला जागा मिळते. मातीचा काप सिमेंटने लिंपला की फिसिडेन्सची जागा जाते. १९६४ मध्ये डोंबिवलीस औद्योगिक वसाहत आली, १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली, आणि या दोन शहरांमधील मोकळी शेते व बांध झपाट्याने इमारतींखाली गेले. रस्त्याकडेच्या उतारांना आता दरड कोसळू नये म्हणून संरक्षक भिंती बांधल्या जातात. त्या आवश्यक आहेत यात वाद नाही. परंतु शंभर वर्षांत एका शहराच्या हरितांत कोणता पालट झाला हे सांगावयाचे, तर आरंभीची नोंद लागते. खंडाळ्याजवळ ती आहे, महाबळेश्वराजवळ आहे, आणि ज्या स्थानकावरून गाडी दीडशे वर्षे पुढे गेली त्या कल्याणसाठी ती नव्याने करावी लागेल. त्यासाठी लागणारे साहित्य थोडे आहे: सुरी, कागदाची पाकिटे, सूक्ष्मदर्शक, आणि प्रत्येक पाकिटावर स्थळ, दिनांक व आधार, म्हणजे माती, दगड, साल की गिलावा, याची नोंद. हरिता सुकवण्यास दाबयंत्र लागत नाही. कागदात गुंडाळून सावलीत ठेवली की पुरते, आणि शंभर वर्षांनीही पाण्याचा थेंब टाकताच पान पूर्ववत उलगडते.